मोडक्या यंत्राची शाळा

बेळगावातील कोणत्याही हमरस्त्याने चालत गेले असता 'येथे रेडियमची कामे केली जातील' अशी पाटी दोन-चार ठिकाणी तरी दृष्टीस पडतेच. रिक्षाच्या मागील काचेवरील 'आईचा आशीर्वाद', दवाखान्याच्या दारावरील डॉक्टरांच्या वेळा, दुचाकीच्या टाकीवरील वाघाचे तोंड, ही सारी त्या दुकानांची करामत. वास्तविक त्या चिकट कागदात रेडियमचा कणही नसतो. क्यूरी दांपत्याने 1898 साली शोधून काढलेले ते मूलद्रव्य एके काळी घड्याळांच्या तबकडीवरील चमकत्या रंगात वापरीत असत; त्यावरून रात्री चमकणाऱ्या प्रत्येक पट्टीस लोक रेडियम म्हणू लागले असावेत, आणि पुढे न चमकणाऱ्यालाही तेच नाव चिकटले. शास्त्र शिकविणाऱ्यांनी या नावावर कितीही नाके मुरडली तरी बाजार त्यांचे ऐकत नाही. म्हणून आम्हीही येथे रेडियम हाच शब्द वापरणार आहोत.

हे रेडियम कापण्याचे एक यंत्र गेल्या वर्षी आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत आले. विकत घेतलेले नव्हे. भंगाराच्या वाटेवरून वळविलेले. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचे दुकान आहे. वाहनांच्या क्रमांकपट्ट्या हा त्या धंद्याचा पूर्वी मोठा आधार. परंतु 1 एप्रिल 2019 पासून नव्या वाहनांना निर्मात्यांकडूनच उच्च-सुरक्षा पट्टी मिळू लागली आणि त्या कामाचा ओघ आटला. त्यातच एका पावसाळ्यात वीज कडाडली आणि यंत्राचे नियंत्रक मंडळ जळून गेले. ज्यांच्याकडून यंत्र घेतले त्यांच्याकडे चौकशी केली असता, 'ते मॉडेल बंद झाले, आता नवीनच घ्या,' एवढेच उत्तर मिळाले. भंगारवाला किलोच्या भावाने न्यावयास तयार होता. मुलाला शाळेत सोडावयास आले असता त्या गृहस्थांनी सहज बोलून दाखविले, "सर, मोटारी चांगल्या आहेत हो, डोकं गेलंय तेवढं."

त्या एका वाक्यावर आमचे पुढील चार महिने गेले. आणि त्या चार महिन्यांच्या अनुभवावरून आमचे असे निश्चित मत झाले आहे, की प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत नव्या उपकरणांच्या बरोबरीने निदान एक मोडके यंत्र असलेच पाहिजे. आणि ते शोभेसाठी नव्हे, तर मुलांनी उघडावे, समजून घ्यावे आणि शक्य झाल्यास चालू करावे यासाठी. हे मत कित्येकांना विक्षिप्त वाटेल. म्हणून ते ज्या अनुभवातून बनले, तो थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे.

रेडियम कापण्याचे यंत्र पाहिले तर फार साधे आहे. एक मोटार दातेरी रूळ फिरवून कागद पुढे-मागे सरकविते. दुसरी मोटार एका पट्ट्याच्या साहाय्याने पात्याचा गाडा डावी-उजवीकडे नेते. आणि एक नालकुंतल त्या पात्याला खाली दाबते. नालकुंतलातील प्रवाह थांबला की स्प्रिंग पात्याला वर उचलते. झाले, तीनच हालचाली! वरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा सुमारे 0.08 मिलिमीटर जाडीचा असतो. तो पूर्ण कापला जावा, पण खालच्या मेणचट कागदावर नुसता ओरखडा उमटावा, एवढ्या नाजूक अंतरात सारी कला आहे. आमच्या यंत्राचे रूळ, पट्टा, मोटारी, पाते, सारे ठाकठीक होते. निकामी झाले होते ते तळहाताएवढे एक मंडळ. केवळ तेवढ्यासाठी उत्तम पोलादी रूळ आणि दोन निर्दोष मोटारी वितळविण्यास पाठवाव्या, हा हिशेब आम्हांस तेव्हाही पटला नाही आणि आजही पटत नाही.

जुन्या मंडळाच्या जागी काय बसवावयाचे? उत्तर शाळेच्या कपाटातच होते. आर्डुइनो नावाची ती निळी चकती आज पुष्कळ शाळांतून आढळते. इटलीतील इव्रेआ या गावी 2005 साली तिचा जन्म झाला. हे गाव ऑलिव्हेटी टंकलेखन-यंत्रांमुळे पूर्वीपासून प्रसिद्ध होते. तेथील एका शिक्षणसंस्थेत विद्यार्थ्यांना स्वस्तात प्रयोग करता यावेत म्हणून मासिमो बांझी आणि त्यांचे सहकारी यांनी ती घडविली. आणि तीही सर्वस्वी शून्यातून नव्हे, तर त्याच संस्थेत एर्नान्दो बारागान या कोलंबियन विद्यार्थ्याने प्रबंधासाठी केलेल्या 'वायरिंग' या कामाच्या पायावर. ही दुसरी गोष्ट बहुधा कोणी सांगत नाही, म्हणून आम्ही ती मुद्दाम नमूद करतो. आमच्याकडील चकतीवरचा सूक्ष्म-नियंत्रक आठ बिटांचा आहे. त्याची कार्यस्मृती अवघी 2 किलोबाइट. युनिकोडमध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह सामान्यतः तीन बाइट जागा घेते, हे लक्षात घेतले तर या लेखातील एखादा मोठा परिच्छेदही तिच्यात मावणार नाही! तथापि एवढ्याशा बुद्धीवर 'जीआरबीएल' हा कार्यक्रम चालतो आणि मोटारींना सेकंदाला 30,000 पर्यंत टिचक्या देऊ शकतो. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी 2009 साली तो लिहिला आणि कोणीही वापरावा, सुधारावा अशा रीतीने जगाला देऊन टाकला.

मोटारींपासून आम्ही आरंभ केला. प्रत्येक मोटारीतून सहा तारा बाहेर आलेल्या. कोणत्याही तारेवर खूण नाही, नकाशा नाही. आमच्या शिक्षणपद्धतीत प्रश्नाबरोबर आकृतीही छापून येते, त्यामुळे मुले क्षणभर गोंधळली. मग मल्टिमीटर हाती दिला. सहा तारांचे तीन-तीनचे दोन गट निघाले. एका गटातील तारांचा दुसऱ्या गटाशी काही संबंध नाही. गटातल्या गटात दोन जोड्यांचा रोध सारखा आणि तिसऱ्या जोडीचा बरोबर दुप्पट. नववीतील एका मुलीने जराही न थांबता सांगितले, "म्हणजे तिसरी तार वेटोळ्याच्या मध्यातून आली आहे." एकसर जोडणीतील रोधांची बेरीज तिने इयत्तेच्या पुस्तकात केली होती, तिचा उपयोग पहिल्यांदाच झाला. मधली तार मोकळी सोडली, टोकाच्या दोन्ही जोड्या चालक-पट्टीला जोडल्या आणि मोटार फिरली. उलट्या दिशेने फिरली, ही गोष्ट अलाहिदा. एका जोडीतील तारा अदलाबदल करताच ती सरळ झाली.

पुढे मोजमापाचा प्रश्न आला. ही मोटार एका टिचकीत 1.8 अंश फिरते, म्हणजे पूर्ण फेऱ्यास 200 टिचक्या. चालक-पट्टी प्रत्येक टिचकीचे आणखी आठ भाग करते. पण मोटार आणि रूळ यांच्यामधील चाकांचे गुणोत्तर आम्हांस ठाऊक नव्हते. म्हणून 1 मिलिमीटरला 80 टिचक्या असे धरून चाललो आणि यंत्राला 100 मिलिमीटरची रेघ ओढावयास सांगितले. पात्याऐवजी बॉलपेनची कांडी बसविली होती. रेघ भरली 96 मिलिमीटर. आता आठवीतले त्रैराशिक: 80 गुणिले 100 भागिले 96, म्हणजे 83.33. नवा आकडा घालून 500 मिलिमीटरची रेघ ओढविली. ती 499 भरली. पुन्हा त्रैराशिक, आणि 83.50 हा आकडा कायम झाला. लांब रेघेवर मोजले म्हणजे पट्टी वाचण्यातील चूक वाटली जाते, हे तत्त्व फळ्यावर लिहून देण्याची गरजच उरली नाही. त्रैराशिकाचा एवढा आदर आम्ही वर्गात कधी पाहिला नव्हता.

खरी परीक्षा घेतली ती नालकुंतलाने. पाते वर उचलले जाताच नियंत्रक दचकल्यासारखा होई आणि सारे काम विसरून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करी. तीन दिवस आम्ही कार्यक्रमात चूक शोधीत होतो. चौथ्या दिवशी मॉसफेट जळाला आणि त्या वासाने डोळे उघडले. चूक कार्यक्रमात नव्हती, आमच्यातच होती. वेटोळ्यातील प्रवाह एकाएकी तोडला म्हणजे चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि त्याच वेटोळ्यात मोठा विभव उलट उसळतो. त्याला वाट करून देण्यासाठी एक डायोड उलटा जोडावा लागतो. विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा हा पाठ आम्ही स्वतः दरवर्षी शिकवितो! काही पैशांचा डायोड बसवावयास आम्ही विसरलो होतो. मुलांसमोर हे कबूल करताना थोडे ओशाळल्यासारखे झाले खरे. परंतु गुरुजींचेही चुकते आणि चूक शोधण्याची रीत मात्र ठरलेली असते, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले.

याच सुमारास एक मौजेचा योग जमला. हे यंत्र आता जी-कोड नावाच्या ज्या आज्ञा समजू लागले होते, त्याच आज्ञा उद्यमबागेतील कारखान्यांत संगणक-नियंत्रित लेथ चालविताना वापरतात. तेथे काम करणारे एका मुलाचे काका सहज पाहावयास आले. पडद्यावरील 'जी-1 एक्स एवढे, वाय एवढे' या ओळी पाहून ते हसले आणि म्हणाले, "अरे, हे तर आमचंच!" ज्या आज्ञेने त्यांच्याकडे फिरते हत्यार सुरू होते, तीच आज्ञा आमच्याकडे पाते खाली सोडते, हे कळल्यावर तर ते खुर्ची ओढून बसलेच. पुतण्या त्यांना समजावून सांगत होता आणि काका मन लावून ऐकत होते.

आणि आता आम्ही ज्या गोष्टीपाशी सर्वांत अधिक रेंगाळलो तिच्याकडे वळतो. ती म्हणजे आपली देवनागरी. इंग्रजी अक्षरे सुटी-सुटी असतात. त्यांची बाह्यरेषा कापली की काम संपले. आम्ही मोठ्या उत्साहाने पहिला शब्द कापला, 'प्रयोगशाळा'. नको असलेला भाग सोलू लागलो तो शिरोरेषेचे तुकडे हातात आले. विचार करता कारण ध्यानी आले. संगणकातील टंकात प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या अक्षरावर किंचित चढून बसते. पडद्यावर ती रेषा अखंड दिसते. पाते मात्र प्रत्येक अक्षराच्या कडेने इमानाने फिरते आणि जेथे दोन अक्षरे एकमेकांवर चढली आहेत तेथे शिरोरेषा आडवी चिरून टाकते. डोळ्यांना एक दिसणारा शब्द यंत्राला तुकड्यांचा ढीग वाटतो! इंकस्केप या मुक्त कार्यक्रमात साऱ्या आकृत्यांचा संयोग करून एकच बाह्यरेषा काढल्यावर हा दोष गेला. संयोग म्हणजे संचांचाच संयोग. गणिताच्या पुस्तकातील वेन-आकृती येथे जशीच्या तशी कामास आली.

तरीही शिरोरेषेची टोके काटकोनी न येता कुरतडल्यासारखी गोल येत. त्याचे कारण पात्याच्या रचनेत आहे. त्याचे टोक फिरत्या दांड्याच्या मध्यावर नसते. सुमारे पाव मिलिमीटर मागे असते. रेल्वेच्या फलाटावरील हमालाच्या ढकलगाडीचे फिरते चाक पाहा. गाडी वळविली की ते चाक थोडे मागे रेंगाळून मगच वळते. पातेही तसेच. म्हणून कोपऱ्यावर त्याला थोडे पुढे नेऊन, जागच्या जागी वळवून, मग नव्या दिशेने न्यावे लागते. हे गणित दहावीच्या दोन मुलांनी भूमितीच्या वहीत सोडविले. अनुस्वाराचा टिंब मात्र आम्हांस फार दिवस छळीत राहिला. इतका लहान तुकडा पात्याबरोबर ओढला जाऊन नाहीसाच होई. मराठीत अनुस्वार गेला की अर्थ कसा बदलतो, हे व्याकरणाच्या तासाला सांगावयास नको. 'अंत' लिहावयास जावे तो 'अत' उरावे! शेवटी टिंब थोडा मोठा घेतला, पात्याचा वेग निम्म्यावर आणला आणि तो जागेवर राहू लागला.

सर्व मिळून खर्च आला साडेअकराशे रुपये. विद्युतपुरवठ्याची जुनी पेटी चांगली होती, ती तशीच ठेविली.

आता कोणी म्हणेल, की एवढ्या खटाटोपापेक्षा नवे यंत्र घेणे सोपे नव्हते काय? सोपे होते, यात शंका नाही. तथापि नवे यंत्र घेतले असते तर आम्हांस रेडियम कापता आले असते, एवढेच. शिवाय या प्रश्नाची दुसरी एक बाजू आहे. आपण पैसे मोजून जी वस्तू घेतो तिच्या आतला भाग आपला असतो की नसतो? पुष्कळ निर्माते सुटे भाग देत नाहीत, नकाशे दडवून ठेवतात आणि यंत्राला अशा कुलपी कार्यक्रमाशी जखडून ठेवतात, की संगणक बदलला की चांगले यंत्रही मुके व्हावे. फ्रान्सने 2021 पासून काही वस्तूंवर त्या किती दुरुस्तीयोग्य आहेत याचा आकडा छापणे सक्तीचे केले. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक-व्यवहार विभागानेही डिसेंबर 2022 मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या नावाने एक संकेतस्थळ उघडले. ही पावले योग्य दिशेचीच आहेत. परंतु हक्क कागदावर मिळाला आणि पेचकस धरणारा हात मात्र घरात कोणाचाच नसला, तर त्या हक्काचे काय करावयाचे?

आमच्या शाळांतून आज प्रयोगाच्या साहित्याचे नवे संच येतात. 2016 पासून सुरू झालेल्या अटल टिंकरिंग योजनेने तर अनेक शाळांना ही साधने दिली, याबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत. पण खरे सांगावयाचे तर या संचांचे पुढे काय होते? एक दिवा उघडझाप करतो, एक छोटी गाडी भिंतीजवळ जाऊन परत फिरते, प्रदर्शनात पाहुणे टाळ्या वाजवितात आणि संच कपाटात जातो. हरवेल या भीतीने किल्ली शिक्षकांच्या खिशात! (या पापात आम्हीही सहभागी होतो.) संचात सर्व भाग एकमेकांत बसतील असेच बनविलेले असतात; तेथे अडण्यासारखे काही नसते, म्हणून शिकण्यासारखेही थोडेच असते. मोडके यंत्र मात्र कोणाची भीड ठेवीत नाही. ते पुस्तकातील धड्यांच्या क्रमाने बिघडलेले नसते.

पालकांचे म्हणणे निराळे असते. 'दहावीचे वर्ष आहे, हे उद्योग नंतर करता येतील.' ही काळजी आम्ही हसण्यावारी नेत नाही. गुणांवर मुलांचे पुढील शिक्षण अवलंबून आहे, हे आम्हांस पूर्ण ठाऊक आहे. म्हणून दहावीच्या मुलांना आम्ही आठवड्यातून एकच दिवस, शनिवारी दुपारी येऊ दिले. परंतु जे पालक वार्षिक संमेलनात लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उल्लेखाला टाळ्या देतात, तेच घरी मुलाने पंखा उघडला की त्याच्या हातातील पान्हा काढून घेतात, हे कसे जुळावयाचे? लक्ष्मणराव आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. चित्रकला शिकावयास मुंबईस गेले, पण रंग ओळखण्यात दृष्टिदोष निघाल्याने ते शिक्षण सोडून यंत्रांच्या आरेखनाकडे वळले. 1888 साली याच बेळगावात त्यांचा आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांचा सायकलींचा धंदा सुरू झाला. किर्लोस्करवाडी वसली ती पुढे 1910 साली. लोखंडी नांगराच्या आधी सायकल होती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो.

एक इशारा मात्र दिलाच पाहिजे, नाहीतर आमच्या उत्साहाचे खापर आमच्याच माथी फुटेल. कोणतेही मोडके यंत्र मुलांच्या हाती द्यावे असे आमचे म्हणणे नाही. जुना काचेच्या नळीचा दूरदर्शन-संच आणि मायक्रोवेव्ह भट्टी ही दोन शाळेत आणूच नयेत. तार काढून ठेविली तरी त्यांच्यातील धारित्रात प्राणघातक भार राहू शकतो. आमच्या यंत्राचीही विद्युतपुरवठ्याची पेटी मुलांना उघडू दिली नाही. तसेच कापून उरलेल्या रेडियमच्या चिंध्या बंबात घालू नयेत. ते पीव्हीसी आहे. जाळले असता हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू निघतो.

यंत्र चालू झाल्यावर आम्ही ते मूळ मालकांस परत करावयास निघालो. त्यांनी पाटीवरील 'प्रयोगशाळा' हा शब्द बोटाने चाचपून पाहिला, शिरोरेषेवरून नख फिरविले आणि विचारले, "हे पोरांनी केलं?" मग बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. अखेर असे ठरले, की यंत्र दुकानात राहावे, महिन्यातून एक शनिवार ते शाळेच्या मुलांसाठी मोकळे असावे आणि बिघडल्यास मुलांनीच पाहावे. त्यांच्याकडे आता यात्रेच्या दिवसांत रिक्षांची आणि टेम्पोंची कामे पुन्हा येऊ लागली आहेत. जेथे जोड-अक्षरे फार असतात असे शब्द ते आमच्या मुलीकडून संयोग करवून घेतात.

एक दोष अजून राहिला आहे. पाते उजवीकडून डावीकडे येऊन बाह्यरेषा बंद करते तेव्हा केसाएवढी फट राहते. प्रयोगशाळेच्या दारावरील पाटीत 'ळा'च्या कान्यापाशी ती नीट पाहिल्यास दिसेल. गाड्याचा पट्टा सैल झाला आहे, असा आठवीच्या मुलांचा तर्क आहे. नववीची मुले दोष चाकाच्या दात्यांत आहे असे म्हणतात. नवा पट्टा मागविला आहे. तो आला की कोण बरोबर ते ठरेल.